निकाल लागेपर्यंत थांबा

पेशकारकाका मतदानाला शेरवानी घालून जायचे. तपकिरी रंगाची, गळ्यापर्यंत बंद, कोपरांवर झिजून चकाकणारी. ती शेरवानी दोनच कामांसाठी पेटीतून बाहेर निघायची, मत द्यायला आणि सुलतान बाजारात सराफाकडे जायला. स्वतःच्या मुलाच्या लग्नात त्यांनी साधा कोट घातला होता, असं आई सांगते. कोणी विचारलं तर म्हणायचे, "लग्न घरातली बात आहे. सरकार आणि सोनं, या दोघांसमोर माणसानं बटणं लावून जावं."

नल्लकुंट्यातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं घर होतं. नाव गोविंदराव, पण तीस वर्षं कोर्टात पेशकारी केलेली, म्हणजे न्यायाधीशांपुढे कागद मांडायचे आणि मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यामुळे गल्लीचे ते पेशकारसाहेब, आणि माझे काका. बायको मी लहान असतानाच वारली होती, मुलगा औरंगाबादला. माणूस एकटा, पण त्यांचा ओटा कधी रिकामा दिसला नाही. गल्लीत कुणाला सोन्यातलं काही विचारायचं असलं की तो त्या ओट्यावर यायचा.

मी नववीत असताना त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरायला लागला. ऑपरेशनला ते घाबरायचे, पण तसं कबूल करायचे नाहीत. "डॉक्टर पिकू द्या म्हणतो," एवढंच सांगायचे. इंग्रजी पेपर वाचून दाखवायला कोणीतरी हवं होतं. "तुमची पोरगी कॉन्व्हेंटची ना? बोलत तर नाहीच. निदान वाचू दे," असं ते बाबांना म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी शाळेआधी अर्धा तास मी त्यांच्या ओट्यावर बसू लागले. मला ते काम आवडलं. मोठ्यानं वाचताना आपलं स्वतःचं काही बोलावं लागत नाही.

आधी पहिलं पान. दिल्लीत कोण कोणाला भेटलं, कोणी पाठिंबा काढला, कोण काढणार नाही म्हणाला. मग मधली पानं सोडून एकदम बाजारभाव. मधल्या पानांवर काय असतं याची त्यांना कधी उत्सुकता वाटली नाही. मी भरभर वाचलं की काठी फरशीवर आपटायचे. "कॉमा खाऊ नको, बेटी. कॉमावर लोकांच्या जमिनी गेलेल्या मी पाहिल्यात." एखादं वाक्य महत्त्वाचं वाटलं तर डोळे मिटून म्हणायचे, "फिर से." मी पुन्हा वाचायची. दुसऱ्यांदा ऐकलेलं ते विसरत नसत. महिन्याभरानंतरही जसंच्या तसं, माझ्या उच्चारासकट, म्हणून दाखवायचे. चहाचा कप एकच, पण तो दोन बशांत प्यायचा. पहिली बशी दिल्लीच्या बातमीवर, दुसरी भावावर. दुसरी बशी तशीच गार झाली की समजायचं, भाव उतरलाय.

त्यांचं सगळं शास्त्र एका ट्रंकेतून आलं होतं. ती गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन कोण जाणे, पण सांगताना ते दर वेळी नव्यानं हसायचे.

"आमची शेती उदगीरकडे. निजामाच्या राज्यात आपला रुपया वेगळा होता, बेटी. हाली सिक्का. बापानं जवारी विकून विकून नोटांनी ट्रंक भरली. राज्य गेलं. नवं सरकार म्हणालं, बदलून घ्या. बाप म्हणाला, ठहरो, कायको जल्दी? आज जातो, उद्या जातो. शेवटी गेला तेव्हा खजिन्यातल्या कारकुनानं ट्रंकेत वाकून बघितलं आणि विचारलं, पाटील, चूल पेटवायला आणलं काय?"

हसून झालं की आवाज खाली यायचा. "मग आईनं पाटल्या उतरवल्या. त्या विकून मी शिकलो. पाटल्यांना कोणी विचारलं नाही, तुम्ही कोणत्या राज्यातल्या म्हणून."

त्यामुळे दर निवडणूक त्यांना राज्य बदलल्यासारखी वाटायची. कोण जिंकणार, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच असायचा, सरकार पक्कं येणार की कच्चं. पक्कं आलं की लोक बँकेत पैसे ठेवतात, सोनं बसतं. कच्चं आलं की लोक घाबरतात, सोनं चढतं. मतमोजणी सुरू झाली की ते फाटकावर एक जुनी दगडी पाटी टांगायचे. डाव्या बाजूला कोणाच्या किती जागा, उजव्या बाजूला तोळ्याचा भाव. मोजणी तेव्हा दोन-तीन दिवस चालायची. दूधवाला, शाळेतल्या बाई, समोरच्या सुब्बम्मा, सगळे येता-जाता ती पाटी वाचायचे. सुब्बम्मांना मराठी वाचता येत नव्हतं, पण आकडे यायचे. "गोविंदरावगारू, ढिल्लीत कोणी पण येऊ दे, माझ्या सुनेच्या बांगड्या कधी करू ते सांगा," असं त्या फाटकाबाहेरून ओरडायच्या, आणि काका गंभीरपणे सांगायचे, "अम्मा, शुक्रवारपर्यंत नक्को."

आईचा या सगळ्यावर विश्वास नव्हता. "मलकपेठला लोक घोड्यांवर पैसे लावतात, तुम्ही खासदारांवर लावता. फरक काय?" असं तिनं एकदा त्यांना तोंडावर विचारलं होतं. काका मोठ्यानं हसले. "वहिनी, घोडा निदान एकाच दिशेनं पळतो!"

मग एक्क्याण्णव साल आलं. निवडणूक अर्ध्यावर असताना मतदान पुढे ढकललं गेलं, आणि काकांनी ओट्यावरून जाहीर केलं, की येईल ते सरकार कच्चं येईल, ज्यांना घ्यायचंय त्यांनी आत्ताच घ्या. पुढे काही आठवड्यांनी देशाचं सोनं परदेशात गहाण पडल्याची बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. सोनं विमानानं गेलं, असं त्यात होतं. "फिर से," ते म्हणाले. मी वाचलं. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "घरातल्या बाईच्या अंगावरचं निघालं म्हणजे ते घर किती बुडालंय ते समज." चहाची पहिली बशीसुद्धा त्या दिवशी तशीच राहिली. त्याच सुमाराला रुपया पडला, आणि सोनं चढलं. ज्यांनी त्यांचं ऐकलं होतं, त्यांच्याकडून आठवडाभर त्यांच्या घरी पेढे येत होते. त्यानंतर कोणी त्यांना घोड्यांबद्दल विचारलं नाही. आईनंसुद्धा.

माझ्याशी ते फार चांगले वागायचे, हेही लिहायला हवं. लिहिलं नाही तर पुढचं सगळं खोटं होईल. बारावीनंतर कॉलेजच्या ऑफिसात माझा फॉर्म अडला होता. खिडकीतला कारकून "उद्या या" म्हणायचा आणि मी रोज मान हलवून परत यायची. चौथ्या दिवशी काकांना कसं कळलं कोण जाणे. डोळ्यांना नीट दिसत नसताना काठी टेकत ते माझ्याबरोबर आले, खिडकीशी उभे राहिले आणि कोर्टातल्या उर्दूत त्यांनी त्या कारकुनाला असं काही सुनावलं की तो खुर्चीतून उठला. मग माझ्याकडे हात करून म्हणाले, "ही बोलत नाही. पण वाचते तेव्हा चुकत नाही. अशी माणसं तुमच्याकडे किती आहेत?" पाच मिनिटांत शिक्का बसला. परत येताना ते थकले आणि एका दुकानाच्या पायरीवर बसले. मला वाटलं, आपल्याबद्दल इतकं खरं कोणी कधी बोललंच नव्हतं.

बाबांचा कारखाना सरकारी होता. उदारीकरण आलं तसं तिथे स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज फिरू लागले. स्वेच्छा कोणाची होती हे बाबांनी कधी सांगितलं नाही. हातात एकरकमी पैसे आले. बँकेतला एक ओळखीचा म्हणाला, शेअर घ्या. बाबा ओट्यावर गेले.

"कागद नक्को," काका म्हणाले. "कागद मी ट्रंकभर पाहिलेत. आता सोन्यावरचा कायदा सुटलाय, कोणीही बिस्किट घरात ठेवू शकतो. सरळ सोनं घ्या आणि विसरून जा."

दोघं सुलतान बाजारात गेले, काका शेरवानीत. तीन बिस्किटं घरी आली, परदेशी शिक्क्यांची. आईनं ती जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून तुरीच्या डाळीच्या डब्यात तळाशी ठेवली. "ही शुभाच्या शिक्षणाची," बाबा म्हणाले. शुभा म्हणजे मी. त्यानंतर बाबांनी दुसऱ्या एका छोट्या कंपनीत हिशेब लिहायची नोकरी धरली, आणि घरात वरण करताना आई डब्यात हात घालायची ती जरा जपून.

माझं बी.एस्सी. संपत आलं तेव्हा पुन्हा निवडणूक आली. शहरात तेव्हा जो तो संगणक शिकायला निघाला होता. एका नव्या खाजगी कॉलेजात तीन वर्षांच्या कोर्सला मला जागा मिळत होती. परीक्षेतला माझा क्रमांक चांगला होता, पण जागा पैसे भरून घ्यायची होती, आणि जूनअखेरची मुदत होती. बाबांनी हिशेब केला. तिन्ही बिस्किटं त्या वेळच्या भावानं विकली तर बरोबर पुरत होतं. वर फारसं काही उरत नव्हतं, पण पुरत होतं.

"विकून टाकू आणि पैसे बाजूला ठेवू," बाबा म्हणाले. आई हो म्हणाली. मग बाबा म्हणाले, "एकदा पेशकारसाहेबांना विचारतो."

मी तिथेच होते, पेपर मांडीवर घेऊन. काकांनी नीट ऐकून घेतलं. मग बाबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "सरकार कच्चं येणार. असं कच्चं, की महिनाभर पण टिकायचं नाही. सोनं कुठल्या कुठे जाईल. निकाल लागेपर्यंत थांबा. पोरीची फी निघून वर वहिनींना बांगड्या होतील."

गल्लीत त्यांनी सगळ्यांना हेच सांगितलं. निकाल लागेपर्यंत थांबा.

मतदानाला आठवडाभर असताना मी त्यांना आतल्या पानावरची एक बातमी वाचून दाखवली. बाजारभावाच्या शेजारी एका चौकटीत छापली होती. परदेशातल्या काही मोठ्या सरकारी बँका आपल्या तिजोरीतलं सोनं विकायला काढताहेत आणि अजून काढतील, आपल्याकडेही आता बाहेरून सोनं आणायची वाट मोकळी आहे, तेव्हा इथे सरकार कोणाचंही आलं तरी भाव बाहेरच्या बाजारामागे जाईल आणि तो बाजार खाली चाललाय, असा तिचा अर्थ होता.

"फिर से," काका म्हणाले.

मी पुन्हा वाचली.

"फिर से."

तीनदा त्यांनी आजवर काहीच वाचायला लावलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर ते बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत बसले. मग म्हणाले, "लिहितात काहीतरी. भाव दिल्लीत ठरतो, बाहेर नाही. चल, पुढचं वाच." आणि मी पुढचं वाचायला लागल्यावर मधेच म्हणाले, "हे घरी सांगू नको, बेटी. तुझ्या बाबांचा जीव घाबरा आहे."

मी घरी सांगितलं नाही. तशीही मी कोणाला काही सांगत नव्हते, आणि हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी मी त्यांना रिक्षात बसताना पाहिलं. अंगात शेरवानी होती. मतदानाला अजून वेळ होता, म्हणून मी विचारलं, "काका, आज कुठे?" माझ्याकडून प्रश्न आला याचंच त्यांना नवल वाटलं असावं. "सराफाकडे," ते म्हणाले. "दुआ-सलाम करून येतो."

निकाल त्यांनी सांगितला तसाच लागला. कोणालाच बहुमत नाही. पाटीची डावी बाजू वेगवेगळ्या पक्षांच्या छोट्या छोट्या आकड्यांनी भरली. लोक ओट्याशी थांबून "मान गए, साहब" म्हणून जायचे. जे सरकार बसलं ते दोन आठवड्यांतच पडलं, तेव्हा तर सुब्बम्मा त्यांच्यासाठी पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, घेऊन आल्या. पण पाटीची उजवी बाजू काही त्यांचं ऐकेना. भाव आधी जिथल्या तिथे राहिला, मग थोडा उतरला, मग आणखी. दुसरं सरकार आलं, तेही चार काठ्यांवर उभं, आणि भाव उतरतच होता. एके सकाळी मी गेले तर पाटीची उजवी बाजू ओल्या फडक्यानं पुसलेली होती. डाव्या बाजूचे आकडे तसेच होते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बाबा पुन्हा ओट्यावर गेले. आता तिन्ही बिस्किटं विकूनही पैसे कमी पडत होते. कॉलेजनं मुदत वाढवायला नकार दिला होता. उसने मागणं बाबांना कधी जमलं नाही. पण त्या दिवशी ते मागायलाच गेले होते, असं मला आता वाटतं. त्यांनी सुरुवातही केली. "साहेब, थोडी अडचण..."

"आठ दिवस," काका म्हणाले. "कच्चं सरकार आहे. आठ दिवसांत भाव पलटतो की नाही बघा. आता तोट्यात विकाल तर मला कधी माफ करणार नाही तुम्ही."

बाबा उठून आले. आठ दिवसांत मुदत संपली. कॉलेजनं जागा पुढच्या मुलाला दिली, तसं पत्र आलं, आणि इंग्रजीत होतं म्हणून तेही मीच वाचून दाखवलं.

दसऱ्याच्या आधी एक बिस्किट विकायचं ठरलं. मला सहा महिन्यांच्या टायपिंग आणि डेटा एंट्रीच्या वर्गाला घालायचं होतं, शिवाय घरात इतरही खर्च होते. बाबा मला बरोबर घेऊन गेले. सुलतान बाजारातलं ते दुकान अरुंद होतं, गादीवर म्हातारे शेठ. त्यांनी बिस्किट तोललं, भाव सांगितला, आणि बाबांचा चेहरा पाहून सांत्वन करावं तसं बोलले.

"क्या करें साहब, सबका यही हाल है. आपके पेशकारसाहब बच गए. व्होटिंगच्या आधीच सगळा माल देऊन गेले. मी विचारलं, साहब, तुम्ही तर सगळ्यांना ठहरो बोलताय? तर म्हणाले, आँख का इलाज कराना है."

बाबांनी पैसे घेतले, खिशात ठेवले आणि आम्ही बाहेर आलो. कोठीच्या स्टॉपवर बस मिळाली. बसमध्ये बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यांचं सोनं होतं. त्यांनी विकलं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "इलाज असेल."

इलाज झाला नव्हता, हे मला माहीत होतं. रोज सकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवत होते.

आईला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत, पण आवाज चढला. "बाप थांबला म्हणून ट्रंकभर कागद झाले, हे सांगत पेशकारसाहेब आयुष्यभर रडत राहिले. आणि आम्हाला काय सांगितलं? थांबा! स्वतःचं विकून ये आणि शेजाऱ्याला सांग थांबा!" बाबा म्हणाले, "हळू. ऐकू जाईल." आई म्हणाली, "जाऊ दे ऐकू. डोळे गेलेत, कान तर आहेत." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. ती बातमी मी तीन वेळा वाचली होती, हे मी तेव्हाही बोलले नाही. घरात आजवर बोललेली नाही. तेवढं एक मी काकांसाठी झाकून ठेवलं, आणि का, ते मला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखी गेले. पेपर उघडला. पण वाचायला सुरुवात केली नाही.

"काय झालं?" काका म्हणाले.

"काका, ती बँकांची बातमी मी तीनदा वाचली होती."

समोर सुब्बम्मा दारात रांगोळी काढत होत्या, तिकडे काकांनी तोंड वळवलं, त्यांना ती दिसत नव्हती तरी.

"हौ," ते शेवटी म्हणाले. "वाचली होती."

"मग बाबांना सांगितलं का नाही?"

"चाळीस वर्षं मी या गल्लीला एकच बात सांगत आलोय, बेटी. सरकार हललं की सोनं चढतं. चाळीस वर्षं लोक या ओट्यावर आले. एका चौकटीतल्या बातमीसाठी मी काय सांगायला हवं होतं? की मी सांगतो ते आता चालत नाही? भाव आता कुठल्या तरी दुसऱ्या देशात ठरतो, आणि मला तिथलं काही कळत नाही?"

"पण तुम्ही तर विकलंत."

काठीच्या मुठीवर त्यांचा अंगठा फिरत राहिला. मी वाट पाहिली. मला वाटलं, चूक झाली म्हणतील. रागावतील. निदान माझं नाव घेतील. बाबांनी त्या दिवशी जे मागायला तोंड उघडलं होतं, ते त्यांच्याजवळ त्याच वेळी नोटांच्या रूपात घरात पडलेलं होतं. ते त्यांना आठवत असेल, असंही मला वाटलं.

"पान पलट," ते म्हणाले.

आणि मी पान पलटलं. त्यांच्यावरच्या रागापेक्षा या एका गोष्टीचा राग मला अजून जास्त येतो. मी पान पलटलं आणि भाव वाचून दाखवला, कॉमा न खाता.

पुढच्या महिन्यात माझा वर्ग सकाळचा झाला आणि वाचन सुटलं. वर्गानंतर मला आबिड्सला एका कुरियर कंपनीत काम मिळालं, दिवसभर पत्ते टाइप करायचं. आई त्यांच्याकडे सणाचं ताट पाठवायची बंद झाली. बाबा येता-जाता नमस्कार करत राहिले. गल्लीत बाकी कोणाला काही कळलं नाही. लोक म्हणायचे, सरकारचं तर साहेबांनी बरोबर सांगितलं होतं, सोन्यानंच दगा दिला.

दोन वर्षांतच पुन्हा निवडणूक आली. मला मतदानाला उशीर झाला. म्युनिसिपल शाळेच्या व्हरांड्यात रांग होती, आणि माझ्यापुढे दोन माणसं सोडून शेरवानी उभी होती. पूर्वी ते दार उघडायच्या आधी हजर असायचे. आता कोणीतरी हाताला धरून आणून सोडलं होतं. मोतीबिंदू पूर्ण पिकला होता, डोळे दुधाळ दिसत होते. मान मात्र ताठ.

गल्लीत नव्यानं राहायला आलेल्या एका घरातली तरुण सून, वैशाली, त्यांच्या मागेच होती. ती मोठ्यानं म्हणाली, "पेशकारसाहेब, बरं झालं भेटलात. सासूबाई म्हणाल्या, तुम्हालाच विचार. नणंदेच्या लग्नाचं सोनं घ्यायचंय आणि जुनं थोडं मोडायचंय. आत्ता करू, का निकाल लागेपर्यंत थांबू?"

रांगेतल्या चार-पाच माना वळल्या. माझ्याजवळच्या कोणाला तरी मी "जरा सरका" म्हणाले होते, तेवढ्यावरून काकांनी मला ओळखलं असावं. ते वळले, माझ्या बाजूला, पण नेमकं माझ्याकडे नाही.

"शुभा आहे ना तिथे?" ते म्हणाले. "हिला विचारा. इंग्रजी पेपर ही वाचते."

सगळी रांग माझ्याकडे बघू लागली. एरवी मी मान खाली घातली असती. पण वैशाली खरंच वाट बघत होती. तिच्या हातात एक छोटी पर्स होती, ती तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"निकालासाठी थांबू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "सरकारचं आणि भावाचं आता काही नातं उरलेलं नाही. ज्या दिवशी गरज असेल त्या दिवशी घ्या, त्या दिवशी विका. कोणी थांबा म्हणालं तर आधी त्याला विचारा, तुम्ही स्वतः काय केलंत?"

मला वाटलं, आता काका काहीतरी म्हणतील. मला नाही, तरी निदान स्वतःला.

पेशकारकाकांनी काठी फरशीवर हलकेच आपटली आणि वैशालीकडे वळून, कोर्टात निकाल वाचून दाखवावा तशा त्यांच्या जुन्या, भरदार आवाजात म्हणाले, "सुनी? हेच सांगणार होतो मी."

"बरं झालं तुम्हाला विचारलं, साहेब," वैशाली म्हणाली. मागच्या एका म्हाताऱ्यानं "पेशकारसाहेबांचं काय, पहिल्यापासून पक्कं," असं म्हणून मान डोलावली.

आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. त्यांनी भिंतीला तळहात लावला आणि चाचपत चाचपत वर्गात शिरले. माझा नंबर येईपर्यंत ते पलीकडच्या दारानं निघून गेले होते.